व्येलिच्काची मिठाची खाण (पोलंड): बघून आलो, सविस्तर लिहितोय, प्रश्न असतील तर विचारा

पायवाट
मंडळी, पोलंडवर इथे बरंच लिहून झालंय, वॉर्सा, क्राको, आउशवित्झ (नाझींची छळछावणी) सगळं आलंय, पण व्येलिच्काच्या खाणीवर "मस्त आहे, नक्की बघा" याच्या पुढे कोणी गेलेलं दिसलं नाही म्हणून हा वेगळा धागा.

क्राकोच्या आग्नेयेला साधारण १४ किलोमीटरवर व्येलिच्का नावाचं गाव आहे आणि त्या गावाच्या बरोबर खाली ही खाण. नऊ लेव्हल, ३२७ मीटरपर्यंत खोल, आणि सगळे बोगदे-खोल्या धरल्या तर २४० किलोमीटरच्या वर पसारा. पर्यटकांना दाखवतात ते त्यातले फक्त साडेतीन किलोमीटर. तेराव्या शतकापासून इथून मीठ खणून काढत होते ते थेट १९९६ पर्यंत. एके काळी पोलंडच्या राजाच्या खजिन्यात येणाऱ्या पैशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा या मिठाचा होता, आणि १३६८ साली काझिमिएश राजाने खाणीचे नियम लेखी करून दिले, कोणी किती काढायचं, कोणी विकायचं, सगळं. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची अगदी पहिली १२ ठिकाणं जाहीर केली त्यात ही खाण होती.

उतरायचं दानिवोविच शाफ्टच्या (शाफ्ट म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर) लाकडी जिन्याने. ३८० पायऱ्या, गोल गोल खाली, मध्ये काही बघायला नाही, नुसत्या पायऱ्या. खाली पोचलात की ६४ मीटरवर असता, मग चालत चालत आणखी उतरत १३५ मीटरपर्यंत जातात, एकूण पायऱ्या ८००च्या आसपास. आत वर्षभर १७-१८ डिग्री, त्यामुळे उन्हाळ्यात गेलात तरी हातात एक पातळ जॅकेट ठेवा.

आत गेल्यावर बऱ्याच जणांचा भ्रमनिरास होतो कारण मीठ पांढरं नाहीये. करडं आहे, काळपट, कुठे कुठे हिरवट, मातीची भेसळ असल्यामुळे. पायाखालची फरशी, भिंत, छत सगळं तेच. गाइड स्वतःच सांगतात भिंत चाटून बघा म्हणून, आणि लोक चाटतात.

आता मला जे खरं सांगायचंय ते. सगळे जण सेंट किंगाच्या चॅपलसाठी (खाणीतल्या छोट्या चर्चसाठी) जातात आणि ते आहेच तसं, पण त्याच्या आधी सेंट अँथनीचं एक छोटं चॅपल लागतं, सतराव्या शतकाच्या शेवटचं, तिथे १६९८ साली पहिली प्रार्थना झाली. तिथे थांबा. तिथल्या मिठाच्या मूर्त्यांचे चेहरे विरघळलेत. नाक नाही, बोटं नाहीत, संत कोण ते ओळखू येत नाही, कारण शाफ्टमधून बाहेरची दमट हवा शतकानुशतकं आत येत राहिली. आमच्या ग्रुपमधले बहुतेक जण एक फोटो काढून पुढे गेले. मला मात्र अख्खी खाण तिथे कळली. इथे जे जे कोरलंय ते सगळं पाण्याला भिऊन आहे आणि आपण तीसचाळीस जण एका वेळी श्वास सोडत त्याच्यासमोर उभे असतो.

सह्यवेडी
वा, छान सुरुवात केलीत! किंगाच्या चॅपलबद्दल लिहा ना पण, फोटोत ती मिठाची झुंबरं बघून बघून मनात बसलंय. आणि ही किंगा कोण?

पायवाट
@सह्यवेडी, किंगा म्हणजे हंगेरीच्या राजाची, चौथ्या बेलाची मुलगी, तेराव्या शतकात लग्न होऊन पोलंडच्या बोलेस्वाव या ड्यूककडे आली. दंतकथा अशी की हुंड्यात सोनंनाणं नको, माझ्या नव्या प्रजेला मीठ हवंय असं तिने वडिलांना सांगितलं, आणि हंगेरीतल्या मिठाच्या खाणीत स्वतःची अंगठी टाकली. मग पोलंडला आल्यावर तिने सांगितलं तिथे खणलं तर मिठाचा पहिला ढेकळा निघाला आणि तो फोडल्यावर आत अंगठी. खाणकामगारांची ती संत. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला अधिकृत संतपद दिलं, ते आधी क्राकोचेच आर्चबिशप, त्यांचाही मिठाचा पुतळा चॅपलमध्ये आहे.

चॅपल १०१ मीटर खाली आहे. लांबी ५४ मीटर, उंची १२. आधी तिथे हिरव्या मिठाचा प्रचंड मोठा एकच तुकडा होता, तो काढून झाल्यावर जी पोकळी उरली तिचं १८९६ पासून चॅपल करायला घेतलं आणि काम चाललं जवळजवळ सत्तर वर्षं, सुमारे २० हजार टन मीठ तिथून निघालं असं सांगतात. आणि हे केलं कोणी? यूझेफ मार्कोव्स्की, मग त्याचा भाऊ तोमाश आणि त्यांच्यानंतर अन्तोनी वीरोदेक. तिघंही खाणीतली कामगार माणसं, शिल्पकलेच्या शाळेत न गेलेली. वीरोदेकने भिंतीवर येशूचं 'शेवटचं भोजन' कोरलंय, ते वीतभरसुद्धा खोल नाहीये पण समोर उभं राहिलं की खोलीच्या आत खोली आहे, मागे खिडक्या आहेत असं वाटतं. जमीन फरशीसारखी दिसते ती फरशी नाहीये, अखंड मिठावर कोरलेल्या रेघा आहेत. झुंबरातले लोलकही मिठाचेच, पण ते शुद्ध मीठ असल्यामुळे काचेइतके स्वच्छ.

माझी मनापासून विनंती, झुंबरांकडे बघून झालं की भिंतीजवळ जाऊन छिन्नीच्या खुणा बघा.

म्युनिकची मनू
मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. आम्ही जुलैत गेलो होतो आणि मला खूप गर्दी वाटली, एक ग्रुप हलतोय तोवर मागचा ग्रुप येऊन टेकतो, गाइडला पण घाई, एका चेंबरमध्ये लाइट आणि म्युझिकचा शो, मग दुकान, मग परत दुकान. मुलं कंटाळली. त्यापेक्षा आमच्या इथे बेर्खटेसगाडेनची मिठाची खाण आहे, तिथे कामगारांचे कपडे घालून लाकडी घसरगुंडीवरून खाली जायचं, छोटी ट्रेन, बोट, मुलं अजून आठवण काढतात. व्येलिच्का भव्य आहे हे मान्य, पण तिथे आपण नुसते रांगेत चालणारे प्रेक्षक असतो असं मला वाटलं.

पायवाट
@मनूताई, राग कसला, गर्दीचं खरंच आहे. २०१९ साली १८ लाखांच्या वर लोक येऊन गेलेत. गाइडशिवाय आत सोडत नाहीत आणि इंग्लिश ग्रुप तर उन्हाळ्यात पाठोपाठ सुटतात. पण दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे व्यापारी खाणकाम बंद झालंय, त्यामुळे आता ही खाण उभी राहते ती सरकारी पैशावर आणि आपल्या तिकिटांवर. झिरपणारं पाणी उपसणारे पंप एक दिवससुद्धा बंद ठेवता येत नाहीत. दुसरं, लहान मुलं असतील तर व्येलिच्कापेक्षा बोख्निया बघा, क्राकोहून पूर्वेला, ती खाण याच्याहूनही थोडी जुनी, २०१३ साली तिलाही याच वारशात जोडलं. तिथे खाली ट्रेन आहे, १४० मीटरची घसरगुंडी आहे, आणि साधारण २५० मीटर खाली एका मोठ्या दालनात रात्री मुक्कामसुद्धा करता येतो. गर्दीही कमी.

आणि व्येलिच्कातच कामगारांचा म्हणून एक वेगळा मार्ग आहे, तो रेगिस शाफ्टमधून सुरू होतो, त्यात हेल्मेट, दिवा देऊन तुम्हालाच छोटी छोटी कामं करायला लावतात. नुसतं प्रेक्षक व्हायचं नसेल तर तो घ्यावा.

चांदा_ते_बांदा
उशिरा येतोय पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी अख्खी नोकरी चंद्रपूर-वणी भागात कोळशाच्या भूमिगत खाणींमध्ये गेली, रिटायर झाल्यावर मुलीकडे युरोपात गेलो तेव्हा हट्टाने व्येलिच्का बघून आलो. सगळे मूर्त्या बघत होते आणि मी लाकूड बघत होतो.

मिखावोवित्से नावाचं एक दालन आहे, ३५ मीटर उंच. आत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी ओंडक्यांची आधाराची रचना उभी आहे, एकावर एक आडवेउभे ओंडके रचून. आमच्याकडे याच पद्धतीने चॉक लावतात पण तो असतो माणसाच्या उंचीचा, दीड माणूस उंच. इथे दहाबारा मजल्यांचा! मी गाइडला म्हटलं मला इथे पाच मिनिटं जास्त द्या, तो बिचारा थांबला.

लाकूड का वापरलं हे समजून घ्या. मीठ हा दगडासारखा कडक दिसतो पण वरच्या थराच्या दाबाखाली तो अतिशय सावकाश वाहतो, शेकडो वर्षांत पोकळी हळूहळू आवळत जाते. तिथे ताठ आधार दिला तर एक दिवस तुटेल, लाकूड मात्र दाबासोबत दबतं, आणि मोडायच्या आधी करकरतं. ज्याने खाणीत काम केलंय त्याला त्या आवाजाची किंमत विचारा, त्या आवाजावर माणसं पळून वाचलेली आहेत. आणि खारट हवेत लाकूड कुजत नाही, मिठाने मुरून उलट टणक होतं. लोखंड मात्र गंजून जातं. बऱ्याच ठिकाणी लाकडाला पांढरा रंग दिलाय तो दिव्याचा उजेड जास्त पसरावा म्हणून.

मिथेनची भानगड तिथेही होती. एका दालनात पुतळे आहेत, ओल्या कपड्यात जमिनीवर सरपटत जाणारी माणसं, हातात लांब काठी आणि टोकाला मशाल. मिथेन हवेपेक्षा हलका, छताला जमतो, तो थोडा असतानाच जाळून टाकायचा म्हणजे जास्त साठून स्फोट होणार नाही. आज आम्ही मिथेनोमीटर घेऊन जातो, प्रत्येक पाळीला वाचन घेतो, रजिस्टरवर सही. त्या लोकांकडे काठी होती. मी त्या पुतळ्यांसमोर हात जोडले, गाइडला काय वाटलं असेल ते असो.

कामगार एकमेकांना भेटताना "श्चेंश्च बोझे" म्हणतात, देव भलं करो अशा अर्थाचं. गाइडसुद्धा तेच म्हणतात. आमच्याकडे खाली उतरताना कालीमातेला नमस्कार करूनच माणूस पिंजऱ्यात, म्हणजे खाणीच्या लिफ्टमध्ये, चढतो.

सह्यवेडी
काका, काय सुंदर लिहिलंत. हे गाइड का सांगत नाहीत? तिथे घोडे पण होते ना?

चांदा_ते_बांदा
होते ना. वर-खाली ओढायला मोठी लाकडी चक्रं, त्यांना घोडे जुंपायचे आणि ते गोल फिरत राहायचे. मीठ मोठ्या लंबगोल ठोकळ्यांत कापायचे म्हणजे गडगडत नेता यावं, बारीक चुरा पिंपात भरायचे. घोडे एकदा खाली उतरले की बहुतेक तिथेच राहायचे, तबेले खालीच. शेवटची घोडी बाश्का, ती २००२ साली वर आली. ही चक्रं नीट बघायची असतील तर नेहमीचा मार्ग संपल्यावर खालीच म्युझियम आहे, त्याच तिकिटात, साधारण तासभर जास्त लागतो. आमच्या ग्रुपमधून तिथे मोजकेच लोक आले, बाकीचे लिफ्टकडे पळाले. तुम्ही पळू नका, खाणीचं खरं काम तिथे दिसतं.

उरणकर
आमच्या घरी तीन पिढ्या मिठागरात गेल्या म्हणून हा धागा वाचतोय. एक शंका. वर लिहिलंय की पाणी शत्रू, पण फोटोत तर आत तळी दिसतात? मग ती भिंत का खात नाहीत?

चांदा_ते_बांदा
@उरणकर, तुम्हाला तर हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. मिठागराच्या शेवटच्या कोंडीत पाणी इतकं खारं होतं की मीठ खाली बसायला लागतं, बरोबर? तसंच ते तळ्यातलं पाणी. लिटरला ३०० ग्रॅमच्या वर मीठ, पोट भरलेलं पाणी, ते आणखी मीठ विरघळवू शकत नाही, म्हणून भिंत सुरक्षित. बारोंच नावाच्या दालनातलं तळं ९ मीटर खोल आहे आणि त्यात माणूस बुडता बुडत नाही. धोका आहे तो गोड्या पाण्याचा. ते आत शिरलं की वाटेतलं सगळं मीठ खात येतं, वाट रुंद होते, मग आणखी पाणी येतं.

आणि तसं दोनदा मोठं झालंय. १८६८ साली पोटॅशच्या शोधात एक बोगदा मिठाच्या थराबाहेर नेला आणि पाणी फुटलं. दुसऱ्यांदा १९९२च्या एप्रिलमध्ये चौथ्या लेव्हलवर मिना नावाच्या बोगद्यात, पाण्याबरोबर वाळू-माती पण आत यायला लागली, त्यामुळे वर गावात जमीन खचली, रेल्वेचे रूळ वाकले, जुन्या मठाला तडे गेले. महिनोन् महिने झुंजून ते आटोक्यात आणलं. मीठ काढणं पुढे कायमचं थांबलं त्यामागे हे मोठं कारण. आजही जे पाणी झिरपतं ते खाली गोळा करून वर उपसतात आणि आटवून त्याचं मीठ करतात, दुकानात पाकीट मिळतं ते तेच.

उरणकर
समजलं, धन्यवाद. आमच्याकडे पण अवकाळी आला की पिकलेलं मीठ एका रात्रीत जातं, म्हातारे लोक ढगाकडे बघत बसायचे. तिथे ढग जमिनीखाली आहे म्हणायचा.

पायवाट
@उरणकर, हे फार नेमकं बोललात. यात आणखी एक जोडतो, १९८९ साली युनेस्कोने ही खाण धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकली होती, कारण हवेतल्या दमटपणाने मूर्त्या झिजत होत्या. हवा कोरडी करणारी यंत्रणा बसवल्यावर १९९८ साली त्या यादीतून बाहेर काढलं. म्हणजे सेंट अँथनीच्या चॅपलचं जे झालं ते किंगाच्या चॅपलचं होऊ नये म्हणून रोज यंत्रं चालू आहेत. मनूताई म्हणतात ती गर्दी या बाजूनेही बघायला हवी, आणि मला स्वतःला वाटतं की दिवसाला किती माणसं सोडायची यावर आणखी कडक मर्यादा हवी, तिकीट थोडं महाग झालं तरी चालेल.

रंकाळ्याचा काठ
धाग्याला थोडं अवांतर, पण कोल्हापूरकर म्हणून सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेले जवळजवळ पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्याच्या कॅम्पमध्ये राहिले. शाळा, चर्च, बाजार सगळं होतं. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं नाव असलेलं स्मारक आहे. पोलंडला जाणाऱ्या मराठी माणसाने हे माहीत करून जावं, तिथल्या लोकांना सांगितलं की त्यांचा चेहरा बदलतो.

पायवाट
अजिबात अवांतर नाही, चांगलं केलंत.

प्रश्नचिन्ह
टूर कंपन्या आउशवित्झ आणि खाण एकाच दिवशी करवतात. ते जमतं का? वेळ वाचेल.

पायवाट
जमतं, पण करू नका. आउशवित्झ क्राकोच्या पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटर आणि खाण दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रवासातच दिवस जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आउशवित्झ बघून आल्यावर माणसाचं मन जागेवर नसतं, त्या मनाने दुपारी झुंबरं बघायला जाणं मला तरी बरोबर वाटत नाही. दोन वेगळे दिवस ठेवा.

खाणीला कंपनीची गरजच नाही. क्राकोच्या मुख्य स्टेशनवरून व्येलिच्का रिनेक-कोपाल्नियाची लोकल घ्या, पंचवीसेक मिनिटांत पोचता, तिथून चालत खाण. ३०४ नंबरची बसही जाते. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, भाषा आणि वेळ निवडावी लागते. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत.

माई_सातारा
मी ६८ वर्षांची, गुडघ्याचा त्रास आहे, पण फार इच्छा आहे. ८०० पायऱ्या वाचून धीर सुटला. काही उपाय? आणि शाकाहारी मिळतं का?

चांदा_ते_बांदा
माई, धीर सोडू नका. पायऱ्या जवळजवळ सगळ्या उतरायच्या आहेत, पण गुडघ्याला उतरणंच जास्त त्रास देतं हे मलाही माहीत आहे. ज्यांना जिना जमत नाही त्यांच्यासाठी लिफ्टने खाली नेऊन मार्गाचा ठरावीक भाग दाखवायची सोय आहे, व्हीलचेअरवाल्यांनाही नेतात, मात्र आधी कळवून ठरवावं लागतं, ऐन वेळी दारात जाऊन होत नाही. तेव्हा मुलाला किंवा सुनेला सांगून आधी ईमेल करायला लावा. त्या छोट्या मार्गातही किंगाचं चॅपल दाखवतात. लिफ्ट खाणकामगारांची असते, डबा लहान, आठनऊ माणसं दाटीने, अंधार, वेग बराच, पण मिनिटभरात काम होतं. बंद जागेची भीती असेल तर डोळे मिटून घ्या.

पायवाट
माई, खाली १२५ मीटरवर रेस्टॉरंट आहे, तिथे पिएरोगी (आपल्या करंजीसारखे, पण उकडलेले) मिळतात, त्यातला बटाटा आणि पांढऱ्या चीजचं सारण असलेला प्रकार मागा, फक्त वर परतलेल्या मांसाचे तुकडे घालू नका असं आधीच सांगा. आणि वर आल्यावर लगेच गाडी पकडू नका, बागेत एक मोठी लाकडी रचना आहे, तिच्या झुडपांच्या काटक्यांवरून खारं पाणी सतत ठिबकत ठेवतात, आजूबाजूची हवा श्वासाला बरी म्हणून लोक तिथे बसतात. व्येलिच्काला ही परंपरा जुनी आहे, १८३९ साली बोच्कोव्स्की नावाच्या डॉक्टरने खाऱ्या पाण्याचे उपचार इथेच सुरू केले, आजही १३५ मीटर खाली दम्याच्या पेशंटना ठेवतात.

सह्यवेडी
शेवटचा प्रश्न, मग छळत नाही. कमी गर्दीची वेळ कुठली?

पायवाट
नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी, आठवड्यातला मधला वार, सकाळचा पहिला स्लॉट. आणखी एक सांगतो, किंगाच्या चॅपलमध्ये दर रविवारी सकाळी साडेसातला मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) होते. गावातले, खाणीतल्या नोकरीतले लोक येतात. तुम्ही श्रद्धेने गप्प बसणार असाल तर त्याला जा, त्या वेळी ती जागा टूरिस्टांची नसते. नंतर दुपारचा स्लॉट घेऊन बाकीची खाण बघा, आणि सेंट अँथनीकडे थांबायला विसरू नका.